छातीत दुखते म्हणून आलेला माणूस

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागो शहरातल्या कुक काउंटी हॉस्पिटलकडे एक ओघ सुरू झाला. हे सरकारी रुग्णालय. ज्याला कुणी नाही त्याचे. शहरातली खासगी रुग्णालये आपल्या इमर्जन्सीत आलेले रुग्ण ॲम्ब्युलन्समध्ये घालून इथे पाठवू लागली. १९८० साली असे पाठवलेले रुग्ण सुमारे १,३०० होते. १९८३ साली तो आकडा ६,८००च्या घरात गेला. तीन वर्षांत शहरातली माणसे पाचपट आजारी पडली नव्हती. सरकारी मदतीला कात्री लागली होती, नोकऱ्या गेल्या होत्या आणि नोकरीबरोबर तिच्या आधाराने मिळणारा आरोग्य विमाही गेला होता.

कुक काउंटीतले डॉक्टर हे रोज पाहत होते. कुणाला पोटात रक्तस्राव होत असताना पाठवलेले, कुणाचा श्वास लागलेला. रागावणे, आपसात बोलणे, वरिष्ठांच्या कानावर घालणे हे सगळे झाले. पण रॉबर्ट शिफ, डेव्हिड अॅन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक काम केले. त्यांनी मोजायला घेतले. दुसऱ्या रुग्णालयांच्या इमर्जन्सीतून आलेल्या ४६७ रुग्णांची त्यांनी नीट नोंद ठेवली: का पाठवले, कोणत्या अवस्थेत पाठवले, रुग्णाची परवानगी घेतली का, पुढे त्याचे काय झाले. फेब्रुवारी १९८६मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन’मध्ये हा अभ्यास छापून आला. ८७ टक्के रुग्णांना पाठवण्याचे कारण एकच होते, पुरेसा विमा नाही. ८९ टक्के कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते. लेखी संमती दिलेले रुग्ण फक्त ६ टक्के. जवळपास चौथा हिस्सा रुग्ण निघतानाच अस्थिर प्रकृतीचे होते. आणि मेडिसीनच्या वॉर्डात पाठवलेल्यांपैकी ९.४ टक्के दगावले. त्याच वॉर्डात थेट आलेल्यांमध्ये हे प्रमाण ३.८ टक्के होते.

शिफ आणि अॅन्सेल इमर्जन्सीचे तज्ज्ञ नव्हते, मेडिसीनचे होते. तरीही इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी धोरणासाठी कसे लढावे याचा वस्तुपाठ मला या शोधनिबंधातच दिसतो. रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला जे दिसते ते मंत्रालयाला दिसत नाही, विमा कंपनीला दिसत नाही, वरच्या मजल्यावरच्या सर्जनलाही दिसत नाही. ते त्याने टिपून ठेवले, मोजले आणि चारचौघांत मांडले, की त्याला वजन येते.

त्याच सुमारास इतर शहरांतूनही आवाज उठत होते. ओकलंडच्या हायलँड जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९८४मध्ये आपल्याकडे पाठवलेल्या ४५८ रुग्णांचा अभ्यास छापला होता. डॅलसच्या पार्कलंड हॉस्पिटलचे प्रमुख डॉ. रॉन अँडरसन यांनी टेक्ससमध्ये हा प्रश्न लावून धरला आणि १९८५मध्ये तिथे रुग्ण असे हलवण्यावर राज्याचा कायदा आला. जानेवारी १९८५मध्ये कॅलिफोर्नियात डोक्यात सुरा खुपसलेला एक तरुण तासन्‌तास न्यूरोसर्जनविना पडून राहिला, एकामागून एका रुग्णालयाने त्याला घ्यायला नकार दिला आणि अखेर तो दगावला. ती बातमी देशभर गेली. हळहळ अशा बातम्यांनी वाटते. पण हा एखादाच वाईट प्रसंग नसून रीतच पडली आहे, हे कुक काउंटी आणि ओकलंडच्या आकड्यांनी दाखवले.

७ एप्रिल १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एका भल्यामोठ्या अर्थविषयक विधेयकावर सही केली. त्यात एक कलम होते, जे पुढे ‘एम्टाला’ या नावाने ओळखले गेले. वृद्धांसाठीच्या सरकारी मेडिकेअर योजनेचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला, म्हणजे जवळजवळ सगळ्याच रुग्णालयांना, ते लागू झाले. इमर्जन्सीत जो येईल त्याला तपासायचे. जीव धोक्यात असेल तर प्रकृती स्थिर करायची. आपल्याकडे सोय नसेल तर नीट व्यवस्था करून, पलीकडच्या रुग्णालयाची मान्यता घेऊन मगच हलवायचे. पैसे आहेत का, विमा आहे का, देशाचा नागरिक आहे का, यासाठी तपासणी थांबवायची नाही. अमेरिकेत सर्वांना मिळणारा आरोग्यसेवेचा एकच कायदेशीर हक्क आहे, तो या दारातला.

आपल्याकडेही हाच प्रश्न त्याच काळात न्यायालयात पोहोचला. एका स्कूटरस्वाराला अपघात झाला. जवळच्या रुग्णालयाने, पोलीस केस आहे म्हणून, त्याला वीस किलोमीटरवर दुसरीकडे न्यायला सांगितले आणि तो वाटेतच गेला. वर्तमानपत्रातल्या त्या बातमीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९च्या निकालाने सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्याचे कर्तव्य टाकले. फरक एवढाच की भारतात तेव्हा इमर्जन्सी मेडिसीन ही शाखाच मान्य नव्हती. ती मान्यता २००९मध्ये आली. दारातले अनुभव मोजून सरकारपुढे ठेवणारी संघटित फळी आपल्याकडे उभी राहायला त्यामुळे उशीर झाला, असे माझे मत आहे.

अमेरिकेतही ही फळी फार जुनी नाही. १९६०च्या आधी तिथल्या रुग्णालयांत इमर्जन्सी म्हणजे एक खोली. आज त्वचारोगाचा डॉक्टर, उद्या नुकताच पास झालेला इंटर्न, ज्याची पाळी तो तिथे बसे. १९६१मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया इथे डॉ. जेम्स मिल्स आणि तीन सहकाऱ्यांनी आपापले दवाखाने सोडून पूर्णवेळ इमर्जन्सी सांभाळायला घेतली. १९६८मध्ये मिशिगनमध्ये डॉ. जॉन विगेनस्टाइन आणि त्यांच्या मूठभर सोबत्यांनी ‘अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स’ ही संघटना काढली. १९७९मध्ये शाखेला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा मिळाला. म्हणजे १९८६चा कायदा आला तेव्हा या शाखेचे वय जेमतेम सात वर्षे होते.

कायद्याने दार उघडे ठेवले, पण दारातल्या कामाचे पैसे कोण देणार हे ठरवले नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या एका पाहणीनुसार २००० साली एका इमर्जन्सी डॉक्टरमागे या कायद्यापायी सरासरी १ लाख ३८ हजार डॉलरचे काम बिनपैशाचे झाले. इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेची तक्रार तेव्हापासून चालू आहे आणि ती रास्त आहे. एखादी गोष्ट समाजाला हवी असेल तर तिचा खर्च समाजाने उचलावा. रात्रपाळीच्या डॉक्टरवर आणि गरीब वस्तीतल्या रुग्णालयावर तो ढकलला, की ती रुग्णालये बंद पडतात, आणि बंद रुग्णालयाला दारच नसते.

आता त्या माणसाकडे येऊ ज्याच्यावरून या प्रकरणाला नाव दिले. वय पंचावन्न. रात्री साडेअकराला छातीत डाव्या बाजूला दुखू लागले, घाम फुटला. घरच्यांनी गाडीत घालून आणले. इमर्जन्सीत पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी काढायचा असतो. तो बरा आला तरी कुणी घरी सोडत नाही, कारण हृदयविकाराच्या झटक्यात पहिला ईसीजी साफ असू शकतो. रक्तात ट्रोपोनिन पाहायचे. काही तासांनी पुन्हा पाहायचे, कारण हृदयाचा स्नायू दुखावल्यावर ते वाढायला वेळ लागतो. मधल्या वेळात मॉनिटर लावून खाटेवर ठेवायचे. पहाटे दुसरा रिपोर्ट येतो, तोही चांगला. डॉक्टर केस पेपरवर लिहितात: ॲसिडिटी. माणूस सुटकेचा श्वास टाकून घरी जातो आणि महिन्याभराने विमा कंपनीचे पत्र येते. ॲसिडिटी ही तातडीची बाब नाही, क्लेम नामंजूर.

१९८०-९०च्या दशकांत अमेरिकेत असे क्लेम सर्रास नाकारले जात. खर्च आवरायला निघालेल्या विमा योजनांनी आणखी एक अट घातली होती: इमर्जन्सीत जाण्याआधी कंपनीला फोन करून परवानगी घ्या. इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी यावर एक साधा निकष पुढे केला. पैसे द्यायचे की नाही हे शेवटच्या निदानावरून ठरवू नका. वैद्यकाचे सर्वसाधारण ज्ञान असलेल्या समजदार माणसाला त्या लक्षणांवरून जीव धोक्यात आहे असे वाटले असते का, एवढेच पाहा. वाटले असते तर इमर्जन्सीत जाणे योग्य, आणि कंपनीने पैसे द्यायचे. १९९३मध्ये मेरीलँड राज्याने सर्वप्रथम हा निकष कायद्यात घेतला. त्याच राज्याचे खासदार बेन कार्डिन यांनी तो वॉशिंग्टनमध्ये नेला. १९९७मध्ये मेडिकेअर आणि गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतल्या खासगी योजनांना तो लागू झाला आणि २०१०च्या ओबामांच्या आरोग्य कायद्याने तो देशभरच्या बहुतेक विमा योजनांपर्यंत पोहोचला. पहिल्या राज्यापासून सबंध देशापर्यंत सतरा वर्षे. धोरणाच्या कामात हा वेग मंद म्हणता येणार नाही.

निदानावरून मागे वळून निवाडा का करता येत नाही, याचा पुरावा २०१३मध्ये आला. मारिया रेवन, रेनी शिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय पाहणीतल्या इमर्जन्सी भेटींचे विश्लेषण ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. अखेरच्या निदानावरून पाहिले तर ६.३ टक्के भेटी साध्या दवाखान्यातही भागल्या असत्या. पण हे रुग्ण ज्या तक्रारी घेऊन आले होते, त्याच तक्रारी एकूण भेटींपैकी ८८.७ टक्क्यांत होत्या. छातीत दुखणे, पोटात दुखणे, ताप, डोकेदुखी. तक्रारीवरून बाजूला काढायचे म्हटले तर जवळजवळ सगळी रांगच बाजूला काढावी लागेल. आणि त्या सारख्या तक्रारींच्या रुग्णांपैकी १२.५ टक्क्यांना दाखल करावे लागले. दाखल झालेल्यांपैकी काही थेट ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. आठ वर्षे शिकलेल्या डॉक्टरला जे ईसीजी आणि दोन रक्ततपासण्यांनंतर कळते, ते घरच्या सोफ्यावर बसलेल्या माणसाला आधी कळायला हवे होते, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. पत्रे येऊ लागली की पुढच्या वेळी तोच माणूस दुखणे अंगावर काढतो.

वॉशिंग्टन राज्यात या विषयावर जे घडले ते मला सगळ्यात मोलाचे वाटते. २०११मध्ये राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता. सरकारने ठरवले की मेडिकेडच्या रुग्णाने वर्षातून तीनदाच ‘अनावश्यक’ कारणासाठी इमर्जन्सीत यायचे. त्यापुढे पैसे नाहीत. अनावश्यक काय, याची सातशेच्या आसपास निदानांची यादी केली. त्या यादीत छातीत दुखणेही होते. इमर्जन्सीच्या डॉक्टरांची राज्य शाखा न्यायालयात गेली आणि नोव्हेंबरमध्ये जिंकली, कारण नियम करण्याची रीतसर प्रक्रिया सरकारने पाळली नव्हती. सरकारने मग त्याहून कडक योजना आणली: यादीतल्या निदानाला एकदाही पैसे नाहीत. १ एप्रिल २०१२पासून ती सुरू व्हायची होती. ऐन वेळी गव्हर्नर ख्रिस्टीन ग्रेगॉयर यांनी ती थांबवली.

विरोध करून डॉक्टर घरी गेले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तूट खरी होती, आणि काही माणसे वर्षातून वीस-वीस, तीस-तीस वेळा इमर्जन्सीत येत होती हेही खरे होते. डॉक्टरांची संघटना, राज्यातली रुग्णालये आणि सरकार एकत्र बसले आणि त्यांनी सात गोष्टी ठरवल्या. कुठल्याही इमर्जन्सीत रुग्णाचे नाव नोंदले की तो आधी कुठे, किती वेळा, कशासाठी गेला होता ते डॉक्टरसमोर यावे. वारंवार येणाऱ्यांसाठी उपचाराची लेखी योजना असावी आणि त्याला तीन-चार दिवसांत नेहमीच्या डॉक्टरची वेळ मिळवून द्यावी. वेदनाशामक अफूजन्य गोळ्या देण्याचे नियम सगळीकडे सारखे असावेत आणि देण्यापूर्वी त्या रुग्णाला इतरत्र काय मिळाले आहे ते तपासावे. उरलेल्या गोष्टी रुग्णांना समजावून सांगण्याच्या आणि कामाचा आढावा घेण्याच्या होत्या. पहिल्या वर्षी मेडिकेडच्या इमर्जन्सी भेटी सुमारे १० टक्क्यांनी घटल्या, वारंवार येणाऱ्यांच्या भेटीही तितक्याच घटल्या, व्यसन लावणाऱ्या औषधांच्या चिठ्ठ्या २४ टक्क्यांनी कमी झाल्या आणि सरकारचे ३.३६ कोटी डॉलर वाचले. रुग्णाला दारातून हाकलले नाही, तरीही पैसे वाचले. कारण रुग्ण पुन्हापुन्हा का येतो हा प्रश्न दारातल्या माणसांनी विचारला होता.

विमा कंपन्या मात्र तोच रस्ता पुन्हापुन्हा चोखाळत राहिल्या. २०१७मध्ये अँथम या मोठ्या कंपनीने काही राज्यांत ग्राहकांना पत्रे पाठवली: इमर्जन्सीत गेलात आणि ते तातडीचे नव्हते असे ठरले, तर खर्च तुमचा. सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांच्या कार्यालयाने चौकशी केली, तेव्हा मिसूरी, केंटकी आणि जॉर्जिया मिळून सहा महिन्यांत सुमारे १२,२०० क्लेम नाकारल्याचे दिसले. ज्यांनी दाद मागितली त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत कंपनीने आपलाच निर्णय फिरवला. दाद कशी मागायची हे ज्याला ठाऊक नव्हते, त्याने बिल भरले. २०१८मध्ये इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने अटलांटाच्या फेडरल न्यायालयात अँथमवर दावा लावला. २०२१मध्ये युनायटेड हेल्थकेअरने तशीच योजना जाहीर केली. डॉक्टरांनी आणि रुग्णालयांनी इतका गदारोळ केला की कोविडचा काळ संपेपर्यंत ती पुढे ढकलावी लागली.

एवढे वाचल्यावर इमर्जन्सीचे डॉक्टर नेहमीच रुग्णाच्या बाजूने उभे राहिले असे वाटेल. अचानक येणाऱ्या बिलांचे प्रकरण तसे नाही, आणि ते टाळून पुढे जाणे वाचकाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत असते, पण इमर्जन्सीतला डॉक्टर नसतो, कारण तिथले डॉक्टर पुरवण्याचे कंत्राट वेगळ्याच कंपनीकडे असते. अमेरिकेत २०१६मध्ये छापून आलेल्या झॅक कूपर आणि फिओना स्कॉट मॉर्टन यांच्या अभ्यासात, यादीतल्या रुग्णालयात गेलेल्या इमर्जन्सी रुग्णांपैकी २२ टक्क्यांना यादीबाहेरचा डॉक्टर भेटला होता. रुग्णाने नीट चौकशी करून योग्य रुग्णालय गाठलेले, आणि तरी हजारो डॉलरचे बिल घरी. बेशुद्ध माणूस डॉक्टर निवडत नसतो.

लोक संतापले आणि संसदेत विधेयके आली. २०१९च्या उन्हाळ्यात टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार झाला: हा कायदा आला तर इमर्जन्सीत डॉक्टर उरणार नाहीत. या जाहिरातींवर २.८ कोटी डॉलर ओतणाऱ्या गटामागे कोण आहे, हे काही आठवड्यांनी बाहेर आले. टीमहेल्थ आणि एन्व्हिजन या डॉक्टर पुरवणाऱ्या दोन कंपन्यांचे ते पैसे होते, आणि दोन्हींच्या मालकीत वॉल स्ट्रीटची भांडवलदार घराणी होती, एकीमागे ब्लॅकस्टोन, दुसरीमागे केकेआर. इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेची अधिकृत भूमिका याहून वेगळी होती: रुग्णाला या भांडणातून बाहेर काढा, आणि विमा कंपनी व डॉक्टर यांच्यातला वाद त्रयस्थ लवादाने सोडवा. अखेर डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या कायद्यात तसेच झाले. रुग्णाला आता यादीतल्या डॉक्टरइतकाच वाटा द्यावा लागतो. पण त्या जाहिरातींमुळे डॉक्टरांच्या शब्दाचे जे नुकसान झाले ते खरे होते. पडद्यावर रुग्णांच्या काळजीची भाषा होती आणि पैसे गुंतवणूकदारांचे होते. लवाद किती आणि कसा मोबदला ठरवणार यावर संघटना नंतर सरकारविरुद्ध न्यायालयात गेली, तेव्हा सामान्य वाचकाला त्या तक्रारीत स्वतःचे हित शोधूनही सापडले नाही. ते भांडण डॉक्टरांच्या उत्पन्नाचे होते. तसे भांडायलाही हरकत नाही, फक्त त्याला रुग्णसेवेचे नाव देऊ नये.

आजचा सगळ्यात अवघड प्रश्न खाटांचा आहे. इमर्जन्सीत तपासून रुग्णाला दाखल करायचे ठरते, पण वर वॉर्डात खाट नसते. मग तो तिथेच, बहुधा पॅसेजमधल्या स्ट्रेचरवर, तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस पडून राहतो. नवा रुग्ण वेटिंग रूममध्ये बसून राहतो. ब्रिटनमध्ये पन्नास लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर केलेला अभ्यास २०२२मध्ये ‘इमर्जन्सी मेडिसीन जर्नल’मध्ये आला: इमर्जन्सीत आल्यापासून वॉर्डात जायला सहा ते आठ तासांहून अधिक वेळ लागलेल्या दर ८२ रुग्णांमागे एक जादा मृत्यू. तिथल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने हाच आकडा हाती घेऊन सरकारला जाब विचारला. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने तीसहून अधिक संस्थांच्या सह्या घेऊन राष्ट्राध्यक्ष बायडन यांना पत्र पाठवले आणि सोबत देशभरच्या डॉक्टरांनी निनावी लिहून पाठवलेले अनुभव जोडले.

पत्रावर अजून पुरेसे काही झालेले नाही, आणि त्याचे कारण इमर्जन्सीच्या बाहेर आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक रुग्णालयात डॉ. पीटर विचेलिओ यांनी खूप आधी एक उपाय करून दाखवला होता. इमर्जन्सी तुडुंब भरली की दाखल करायचे ठरलेले रुग्ण वरच्या वेगवेगळ्या वॉर्डांच्या पॅसेजमध्ये एक-एक, दोन-दोन वाटून द्यायचे. खालच्या पॅसेजमध्ये वीस स्ट्रेचर एका नर्सने सांभाळण्याऐवजी वर दहा वॉर्डांनी दोन-दोन सांभाळायचे. रुग्णांना विचारले तेव्हा बहुतेकांनी वरचाच पॅसेज पसंत केला, आणि वर नेलेल्या रुग्णांना त्यामुळे अपाय झाला नाही, हेही त्यांनी आकड्यांनिशी छापले. यासाठी नवी इमारत लागत नाही. ठरलेल्या शस्त्रक्रिया सोमवार-मंगळवारी न कोंबता आठवडाभर पसरल्या आणि घरी जायच्या रुग्णांना सकाळीच सोडले, तर खाटा आणखी मोकळ्या होतात. तरीही फार थोड्या रुग्णालयांनी हे स्वीकारले. ठरलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे हमखास मिळतात, ती पुढे ढकलली की रुग्णालयाचे उत्पन्न बुडते. खाली पॅसेजमध्ये थांबलेल्या रुग्णामुळे मात्र रुग्णालयाच्या हिशेबात काहीच बुडत नाही. म्हणून त्या रुग्णाने काढलेल्या तासांची नोंद प्रत्येक रुग्णालयाने ठेवावी, ती जाहीर करावी आणि सरकारने पैसे देताना ती पाहावी, ही आता या डॉक्टरांची मागणी आहे.